चौघांचे पेशे, माझा शब्द

माझ्या काकीला एका संस्थेने फसवलं. संस्था कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत काम करते. तिच्या मंडळावर चार शिकलेली माणसं आहेत आणि पाचवा मी. फसवलं चौघांनी, तोंड माझं वापरलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी आडून आडून बोललो असं पुढे कुणी म्हणायला नको.

मी जमिनीचा एजंट आहे. लोधिवलीच्या अलीकडे-पलीकडे जुन्या हायवेवर उभं राहून लहानपणी करवंदं विकत होतो. गाडीच्या काचेतून हात बाहेर यायचा आणि त्या हाताकडे बघून मी भाव सांगायचो. घड्याळ कसलं, अंगठी कितीची, नखं कापलेली की वाढलेली. पुढे त्याच गाड्यांतली माणसं विचारायला लागली, "इथे कुठे जागा मिळेल का रे?" करवंदांची टोपली ठेवली आणि जागा दाखवायला लागलो. कुणी शिकवलं नाही, कुणी हात धरला नाही. आज माझं स्वतःचं घर आहे, गाडी आहे आणि तालुक्यात माझ्याशी घासाघीस करताना माणूस आधी पाणी मागतो.

या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो. जागा बघायला आलेल्या माणसाला जागेबद्दल काही विचारायचं नाही. आधी विचारायचं, साहेब, तुम्ही काय करता? माणूस आयुष्यभर जे काम करतो तसाच तो जमिनीवर चालतो. मास्तर असेल तर एकच प्रश्न तीनदा विचारतो. रेल्वेतला असेल तर सगळ्या हद्दी पायी फिरून येतो, त्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पोलीस शेजारची जमीन कुणाची ते आधी विचारतो. पेशा कळला की तो कुठे अडेल आणि कुठे नरमेल ते मला कळतं. आणि जो न विचारता, गाडीतून उतरता उतरताच आपण काय होतो ते सांगतो, त्याला जमीन घ्यायची नसते. त्याला मान घ्यायचा असतो.

संस्थेच्या मंडळावर असे चार निघाले.

मला त्यांनी घेतलं ते एक स्थानिक माणूस हवा म्हणून. हे त्यांनी तोंडावर सांगितलं आणि त्याचा मला रागही आला नाही. भिसेगावात एका किराणा दुकानाच्या वर त्यांची खोली आहे. महिन्याची बैठक तिथे होते. दर बैठकीला कुणीतरी पाहुणा असायचा, कधी देणगीदार, कधी दुसऱ्या संस्थेची बाई, आणि पाहुणा आला की परिचय व्हायचा. चौघे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होते, तरी प्रत्येक वेळी पहिल्यापासून. चहा निवून जायचा, परिचय संपायचा नाही.

अध्यक्ष म्हणजे बँकेतले निवृत्त अधिकारी. गोरे, बारीक, खिशाला दोन पेनं. ते म्हणायचे, "मी माजी शाखा व्यवस्थापक. माझ्या शाखेत एकही कर्ज बुडालं नाही." मग रसायनीच्या एका कारखान्यातले निवृत्त सुरक्षा अधिकारी. आवाज मोठा, बूट नेहमी जाड. "माझ्या विभागात एकही अपघात झाला नाही." मग वकीलबाई, चौघांत त्या एकट्याच अजून कामावर होत्या. "माझ्या पक्षकाराविरुद्ध सहसा निकाल लागत नाही." शेवटी डॉक्टर. मुंबईतले मोठे सर्जन होते, आता कर्जतच्या बाजूला नदीकाठी बंगला बांधून राहतात. ते फार बोलत नसत. "मी सर्जन होतो," एवढंच म्हणायचे आणि बाकीचे तिघे त्यांच्या वतीने मान हलवायचे.

माझी पाळी आली की अध्यक्ष घाईघाईने म्हणायचे, "आणि हे आपले भूमी सल्लागार."

पहिल्याच वेळी मी म्हणालो, "साहेब, मी एजंट आहे."

"तेच हो," अध्यक्ष म्हणाले.

"तेच आहे तर तेच म्हणा ना. सल्ला मी फुकट देत नाही."

पाहुणे हसले. वकीलबाई म्हणाल्या, "भाऊ, इथे सगळेच फुकट देतात." त्याच्यावर पाहुणे आणखी हसले. मीही हसलो, पण मनात नोंद केली. फुकट देणाऱ्या माणसाशी भाव करता येत नाही. तो कधीही म्हणू शकतो, मी काही घेतलंय का?

आता काकीचं सांगतो.

काकी म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. आमच्या गावात, माझ्या घराच्या पाठीमागे राहते. चुलत्याला साखर होती. शेतावर एकदा बाभळीचा काटा पायात मोडला, जखम झाली, चिघळली. रोज पट्टी बदलायला हवी होती. पट्टी पनवेलला. रोज कोण नेणार? भाताची कापणी चाललेली, गाडी तेव्हा माझ्याकडे नव्हती. एक दिवस जायचं, दोन दिवस राहून जायचं. आधी बोटं गेली, मग गुडघ्याखालचा पाय गेला, मग चुलता गेला. काकी त्यातून एकच गोष्ट शिकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच सांगते. तिचा नवरा साखरेने मेला नाही, पट्टी नव्हती म्हणून मेला. आता तिलाही साखर आहे. सरकारी उपकेंद्र दुसऱ्या गावाला, म्हाताऱ्या माणसाने चालत जाण्यासारखं नाही.

काकीची एक जागा होती, रस्त्याला लागून, जुन्या गोठ्याची. गावठाणातली, म्हणजे बिनशेती परवान्याची भानगड नाही. असा तुकडा आमच्याकडे आता मिळत नाही. एक ढाबेवाला तिच्या मागे लागला होता आणि त्याला आणणारा मीच होतो. सौदा जवळजवळ जमला होता. त्याच सुमारास संस्थेच्या बैठकीत डॉक्टर म्हणाले, खालापूरच्या बाजूला एक छोटा दवाखाना झाला पाहिजे, जागा मिळाली तर करू. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी ढाबेवाल्याला वाटेला लावलं. स्वतःच्या हाताने आणलेलं गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने परत पाठवलं. धंद्यातल्या माणसाला विचारा, याला काय लागतं.

काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती निवडत राहिली.

"बक्षीस द्यायची म्हंतोस? फुकाट?"

"फुकटच. दवाखाना होईल."

"मोठा डाक्टर बसंल?"

"बसेल की. मुंबईचा सर्जन आहे मंडळावर."

"मोठा डाक्टर नको मला." तिने सूप खाली ठेवलं. "पट्टी बांधणारी बाई पायजे. रोज. रईवारी पन. ती बसनार असंल तर जागा ने, नाय तर ढाबेवाल्याला बोलव. त्याच्याकडं निदान भजी मिळतील."

मी आयुष्यात पुष्कळ लोकांशी भाव केला, पण इतका सरळ भाव कुणी सांगितला नव्हता. एक बाई, रोज, पट्टीसाठी. घासाघिशीला जागाच नव्हती. मी म्हणालो, "बसेल."

"शबूद?"

"शब्द."

आमच्या घरात जमिनीचा शब्द गुळाने पक्का होतो. हे सगळ्या गावात नाही, आमच्या भावकीत आहे. देणाऱ्याने गुळाचा खडा घेणाऱ्याच्या तळहातावर ठेवायचा आणि घेणाऱ्याने तो तिथेच, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत खायचा. खिशात घालायचा नाही, घरी न्यायचा नाही. देणाराही एक कण जिभेवर ठेवतो. नंतर कचेरीत काय सह्या व्हायच्या त्या होतात, आमच्या लेखी व्यवहार गुळालाच झालेला असतो. माझ्या धंद्यात मी हे कधी वापरत नाही. बाहेरच्या माणसाला ते कळणार नाही, आणि कळलं तर तो त्याचा फायदा घेईल.

पण काकीने हट्ट धरला. "येऊ दे त्येंना. माझ्या हातचा गूळ खाऊ दे."

चौघे आले. काकीने गोठ्याच्या जागेवर शेण घालून सारवलं होतं, चटई टाकली होती. तिने पहिला खडा अध्यक्षांच्या हातावर ठेवला. अध्यक्षांनी तो दोन बोटांत धरला आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना म्हणाले, "फोटो घ्या." फोटो झाला. मग त्यांनी खडा रुमालात गुंडाळला आणि म्हणाले, "आठवण म्हणून ठेवतो." सुरक्षा अधिकाऱ्यांनी काकीच्या हातांकडे बघितलं, त्यांना शेणाचा वास आला असावा. "जेवण नुकतंच झालंय," म्हणाले. वकीलबाईंनी कौतुकाने घेतला आणि पर्समधल्या कागदात ठेवून दिला. डॉक्टर म्हणाले, "आजी, मला गोड बंद आहे."

काकी म्हणाली, "मला पन बंद हाय." आणि तिने आपला कण जिभेवर ठेवला.

मग मी खाल्ला. सगळ्यांच्या वाटचा एकट्याने खाल्ल्यासारखा. ते गेल्यावर काकी चटई गुंडाळत म्हणाली, "गूळ तू खाल्लास. त्येंनी नाय खाल्ला. मी तुला इचारनार, त्येंना नाय." मला तेव्हा ते म्हातारीचं बोलणं वाटलं.

बक्षीसपत्राच्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीत वकीलबाईंनी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. लपवाछपवी काही नाही. सगळं कानांनी ऐकलं. जागा 'समाजोपयोगी कार्यासाठी' दिली आहे, असं त्यात होतं.

काकीने विचारलं, "ह्यात दवाखाना कुठं हाय?"

"आजी, त्यात सगळं आलं. दवाखाना आला, शाळा आली, सगळं आलं."

"शाळा कशाला? शाळा हाय गावात."

"उद्या काही अडचण आली तर मोकळीक हवी ना आपल्याला."

मी म्हणालो, "मॅडम, दवाखाना लिहा ना, एकच शब्द आहे."

वकीलबाई माझ्याकडे बघून हसल्या. "भाऊ, एकच शब्द लिहिला की माणूस त्यात अडकतो. तुम्ही इतके व्यवहार केलेत, तुम्हाला मी सांगायचं?"

खरं सांगायचं तर समोरच्याचा वकील असा बोलला असता तर मी तिथून उठलो असतो. पण हा समोरचा वकील नव्हता. हा आपला होता, फुकट होता, आणि जनसेवेला आला होता. सही झाली.

मग भिंत आली.

सुरक्षा अधिकारी म्हणाले, बांधकामाच्या आधी जागा सुरक्षित झाली पाहिजे. उघड्या जागेत गुरं बसतात, पोरं खेळतात, उद्या काही झालं तर? ते स्वतः येऊन उन्हात उभे राहिले, टेप धरून मापं घेतली. मला म्हणाले, "शेठ, भिंतीत तडजोड नाही." आणि नव्हतीच. इतकी चांगली भिंत आमच्या गावात दुसरी नाही. वर काचा, पुढे लोखंडी गेट, गेटला कुलूप, कुलपाला प्लास्टिकची पिशवी, पाणी जाऊ नये म्हणून. गेटवर संस्थेची पाटी आणि त्याखाली 'आत येण्यास मनाई'.

भिंत झाल्यावर डॉक्टर म्हणाले, नुसती नर्स बसवणं बेजबाबदारपणाचं होईल. जखमेची पट्टी ही साधी गोष्ट नाही, जंतुसंसर्ग झाला तर बाहेरची पट्टी परवडली म्हणायची वेळ येईल. तिच्यावर देखरेखीला डॉक्टर हवा, स्वच्छ खोली हवी, हत्यारं उकळण्याची सोय हवी. हे सगळं खरं होतं. मी काय बोलणार? वकीलबाई म्हणाल्या, सगळं असलं तरी नर्सच्या हातून काही झालं तर विश्वस्त म्हणून जबाबदारी आपल्यावर येते, त्याचा आधी विचार करू. अध्यक्षांनी एक चांगली देणगी आणली होती. ते म्हणाले, ती मुदत ठेवीत टाकू, घाई करू नये. सगळ्यांनी मान हलवली. बैठकीत कधी भांडण झालं नाही. चौघांत एकदाही आवाज चढला नाही, आणि इथेच मला पहिला संशय आला. जिथे चार माणसं भांडत नाहीत तिथे सौदा आधीच ठरलेला असतो. हा माझा अनुभव आहे.

मी चौकशीला लागलो. माझ्या पद्धतीने. जमिनीचा मूळ मालक शोधतात तसा मी एकेका माणसाचा माग काढला.

आधी रसायनी. मला खात्री होती की भिंतीच्या ठेकेदाराकडून सुरक्षा अधिकाऱ्यांना काही पोहोचलं असणार. पातळगंगेच्या पुलाजवळ एका टपरीवर कारखान्यातले जुने कामगार बसतात. मी चहा सांगितला, मग भजी सांगितली, मग हळूच विषय काढला. एक फिटर होता, आता निवृत्त. तो हसायलाच लागला.

"तो? तो दिवाळीची मिठाई परत पाठवायचा शेठ. पैसे खानारा मानूस नाय तो."

"मग इतका कडक कसा?"

"कडक नाय, भारी घाबरट. जरा आवाज बदलला का मशीन बंद. पाऊस आला, मशीन बंद. नवीन मानूस आला, मशीन बंद. आमी म्हनायचो, ह्याच्या खात्यात अपघात व्हनार कसा, काम झालं तर अपघात व्हईल ना!"

सगळी टपरी हसली. मी हसलो नाही. भजी तशीच ठेवून उठलो.

मग अध्यक्ष. त्यांची शाखा आमच्याच भागात होती आणि तिथे कर्ज मागायला गेलेली माणसं मला ठाऊक होती. वीटभट्टीवाला, टेंपोवाला, पोल्ट्रीवाला. मी एकेकाला गाठलं. अध्यक्षांनी कुणाकडून काही खाल्लं का? कुणी हो म्हणेना. टेंपोवाला म्हणाला, "साहेब देवमाणूस. चहा पाजायचे. पुढच्या महिन्यात या म्हणायचे. मी शेवटी सावकाराकडून गाडी घेतली." पोल्ट्रीवाल्यालाही चहा मिळाला होता, वीटभट्टीवाल्यालाही. कर्ज एकालाही नाही. त्या शाखेत कर्ज कशाला बुडेल?

वकीलबाईंबद्दल खालापूरच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टला विचारलं. त्याने कानावर हात ठेवले. बाईंच्या नादाला लागू नका, एवढं म्हणाला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, त्यांची केस हरत नाही कारण त्यांची केस संपत नाही. डॉक्टरांबद्दल मात्र कुणी वाईट बोललं नाही. हाताला यश होतं म्हणतात. फक्त त्यांच्यापर्यंत माणूस पोहोचायचा तेव्हा पट्टीची वेळ निघून गेलेली असायची. त्यांनी आयुष्यभर कापलं आणि शिवलं. कापण्याच्या आधी माणूस कसा असतो, तो रोज कुठल्या ओट्यावर पाय पसरून बसतो, हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

मी चोर शोधायला निघालो होतो. चोर सापडला असता तर मला सोपं गेलं असतं. चोराची मान धरता येते, त्याच्याशी तोडपाणी करता येतं, गावात त्याचं नाव घेता येतं. इथे चारही जण स्वच्छ निघाले. माझा संशय त्याने कमी झाला नाही, वाढला. तिघांनी आपापल्या पेशात एकच गोष्ट केली होती: काही घडू दिलं नव्हतं, आणि चौथे नेहमी सगळं घडून गेल्यावरच हात लावत आले होते. त्यांचा सगळा मान त्यावरच उभा होता. आणि तसल्या चौघांना एकत्र बसवून मी माझ्या काकीची जागा त्यांच्या पुढ्यात ठेवली. जे त्यांना येत होतं तेच त्यांनी त्या जागेवर केलं. आत आता गवत उगवलंय, कमरेएवढं. कर्ज बुडालेलं नाही, अपघात झालेला नाही, निकाल विरोधात गेलेला नाही.

भूमिपूजनासाठी म्हणून मी काकीला पनवेलहून चपला आणून दिल्या होत्या. चांगल्या, चामड्याच्या. भूमिपूजन पुढे गेलं, मग आणखी पुढे गेलं. चपला पेटीतच होत्या. या लग्नसराईत भावकीतल्या एका लग्नाला तिने त्या काढल्या, म्हणाली, तुमचं भूमिपूजन व्हईल तवा व्हईल. अंगठ्याला चप्पल लागली. फोड आला, फुटला. तिने हळद लावली आणि सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा अंगठ्याची एक बाजू काळसर झाली होती.

तेव्हापासून मी तिला पट्टीसाठी खोपोलीला नेतो. गाडी माझी आहे म्हणून नेतो. मी जमीन दाखवायला कर्जतच्या पलीकडे गेलो की त्या दिवशी खाडा होतो. गाडी गावातून निघते ती त्या भिंतीला वळसा घालूनच. काकी काचेतून गेटकडे बघते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "ती बाई कवा येनार रं?" मी म्हणालो, येईल. त्यानंतर तिने विचारलं नाही. ती बघते फक्त. ती ओरडली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. नुसत्या बघणाऱ्या माणसाशी काय भाव करणार?

गेल्या बैठकीला मी गुळाची ढेप घेऊन गेलो. पाहुणे होते, परिचय सुरू होता. अध्यक्षांचं एकही बुडीत कर्ज नसलेलं झालं, सुरक्षा अधिकाऱ्यांचा एकही अपघात नसलेला झाला. माझी पाळी आली. अध्यक्ष म्हणाले, "आणि हे आपले भूमी..."

मी ढेप टेबलावर आपटली. कप उडाले.

"मी एजंट आहे. काकीची जागा मी तुम्हाला आणून दिली. तिच्या अंगठ्याला जखम झालीय. पट्टी बांधणारी बाई कधी बसणार, तेवढं सांगा."

"शेठ, पाहुणे आहेत," सुरक्षा अधिकारी म्हणाले.

"बरं झालं. त्यांनाही ऐकू दे."

डॉक्टर उठले. खरोखर काळजीने म्हणाले, "तुम्ही आधी का नाही सांगितलं? मी चिठ्ठी देतो, मुंबईला माझा विद्यार्थी आहे, उत्तम सर्जन आहे."

"सर्जन कापायला लागतो साहेब. आम्हाला न कापायला माणूस पाहिजे."

ते खाली बसले. वकीलबाई म्हणाल्या, "भाऊ, भावना समजतात, पण दवाखान्याचं बंधन कुठेही नाही. तुमच्यासमोर वाचलं होतं."

"वाचलं होतं. माझ्यासमोर गूळही दिला होता. तो कुठे आहे? पर्समध्येच आहे की मुंग्यांना घातला?"

त्यांना आठवेना. कसला गूळ, असं त्यांनी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "तो फोटोतला." पाहुण्यांपैकी एक बाई हसली.

मी गेटची चावी मागितली. म्हणालो, तुम्हाला जमत नाही ना, मी बसवतो बाई. पत्र्याची खोली घालतो, माझ्या खर्चाने. अध्यक्षांनी दोन्ही पेनं खिशात सारखी केली. म्हणाले, "त्यासाठी ठराव करावा लागेल. पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढच्या महिन्यात या. टेंपोवाल्याला सांगितलं तेच, त्याच आवाजात. चहाही तसाच पुढे सरकवला.

मी ढेप फोडली. चार खडे केले, एकेकाच्या पुढे ठेवले. म्हणालो, त्या दिवशी राहिला होता, आता खा. खाल्ला तर बाई बसवायची. खायचा नसेल तर चावी द्या. कुणी हात पुढे केला नाही. सुरक्षा अधिकारी खड्याकडे बघत होते, मशीनचा आवाज बदलल्यासारखे. मी जिना उतरून खाली आलो. किराणावाल्याने विचारलं, शेठ, वर काय पडलं? मी म्हणालो, अजून काही पडलं नाही, पडेल.

मी राजीनामा दिलेला नाही. देणारही नाही. मी उठलो तर त्यांना दुसरा स्थानिक माणूस मिळेल, आणि तो गूळही खाणार नाही.

काकीने मला सांगितलं होतं, मी तुला विचारीन. तिने विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नाही, कारण उत्तर तुम्हा चौघांकडे कुलूप लावून ठेवलेलं आहे. तेव्हा आता मी विचारतो. तुमच्यापैकी एकाने आमच्या गावात यावं. फोटोवाला आणू नये. आपण पूर्वी काय होतो ते सांगू नये, तिला ते ऐकायचं नाही. तिच्या ओट्यावर बसावं, तिचा अंगठा उघडा असताना त्याच्याकडे बघावं आणि पट्टी बांधणारी बाई कुठल्या दिवसापासून बसणार ते तिच्या तोंडावर सांगावं. नसेल बसणार तर तेही तिच्याच तोंडावर सांगावं आणि चावी तिच्या हातात द्यावी. चौघांपैकी कोण येणार? ठराव नको, पुढची बैठक नको. कोण येणार ते सांगा.